मनूचं लग्न माझ्यासाठी थांबवू नका

नॉयकोल्न, बर्लिन
९ मे २०२०

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

विमानंच बंद, तर टपाल कसं पोचणार? म्हणून हे टाइप करून मनूच्या फोनवर पाठवतेय. मनू, आईला सावकाश वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.

मी बरी आहे. ताप नाही, खोकला नाही. मार्चमध्ये दुकानांतून पीठ गायब झालं होतं, आता मिळतं. पोळ्या करते.

आई, व्हिडिओ कॉलवर थंडीत खिडक्या सताड उघड्या दिसल्या म्हणून तू रागावलीस. ऐक. इथली घरं चहूबाजूंनी घट्ट बंद, खिडक्यांना दुहेरी काचा. भाताची वाफ, अंघोळीची वाफ, श्वासाची ओल, कशालाच बाहेर जायला फट नाही. ती भिंतीवर बसते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. म्हणून बाहेर बर्फ असला तरी दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करायचा, सगळ्या खिडक्या एकदम उघडायच्या, पाच-दहा मिनिटं वारा आरपार जाऊ द्यायचा आणि पुन्हा गच्च लावायच्या. नुसती किलकिली ठेवून भागत नाही, त्याने भिंती गार पडतात आणि ओल वाढते. काही भाडेकरारांत हे चक्क लिहिलेलं असतं. वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या की तब्येतीआधी खिडक्यांचं विचारतात. तेवढा वेळ मी शाल पांघरून बसते. काळजी करू नकोस.

बाबा, तुम्ही विचारलंत, काम बंद तर खातेस काय. काम गेलं हे खरं. लाइपझिगचा पुस्तकमेळा ३ मार्चला रद्द झाला, त्याबरोबर माझे लेखही गेले. प्रवासाच्या मासिकांना छापायला प्रवासच उरला नाही. पण नोकरी धरली असती तर बरं झालं असतं, असं म्हणू नका. इथे नोकरदारांचेही तास आणि पगार कापलेत. आणि इथे लिहिणं हा धंदा धरतात. बर्लिन राज्याने आमच्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्यांना ५,००० युरोंची मदत दिली, त्यात लेखक, वादक, चित्रकार सगळे आले. २७ मार्चला दुपारी अर्ज सुरू झाले आणि ऑनलाइन रांगेत माझा नंबर लाखाच्या पुढे! लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला, आकडा उतरताना बघत बसले. अर्ज भरल्यावर थोड्याच दिवसांत पैसे खात्यात आले. ते कर्ज नाही आणि दानही नाही, मी इथे कर भरते.

आजारपणाचा विमाही चालू आहे. लेखक-कलावंतांसाठी इथे १९८३पासून वेगळी व्यवस्था आहे. अर्धा हप्ता मी भरायचा, उरलेला सरकार आणि आमच्याकडून काम घेणारे प्रकाशक वगैरे मिळून भरतात. कमाई घटली की कळवायचं, हप्ता कमी होतो.

टाळेबंदीतही बर्लिनने पुस्तकांची दुकानं किराण्याच्या दुकानांसारखी उघडी ठेवली. त्या दिवसांत मला त्याचा फार आधार वाटला.

आणि बाबा, मी माझ्या पणजीची, तुमच्या आजीची, प्लेगची गोष्ट लिहायला घेतलीय, मराठीत. उंदीर पडायला लागले की गाव उठायचं आणि रानात खोपटी बांधून राहायचं, हे तुम्ही सांगितलंय. पण चूल कुठे मांडायचे? रिकाम्या गावात देवापुढे दिवा कोण लावायचं? आठवेल तसं मनूच्या फोनवर बोलून ठेवा. इतकी वर्षं दुसऱ्यांनी मागितलेलं, दुसऱ्यांनी आखून दिलेल्या शब्दांत लिहिलं. हे कुणी मागितलेलं नाही. याचे पैसे मिळणार नाहीत, तरी सकाळी आधी याला बसते आणि मग बाकीचं.

आता लग्नाचं. ५० माणसांत करायला परवानगी आहे म्हणता, तर उरकून घ्या. परवापासून सरकार माणसं आणतंय त्या विमानांत जर्मनी नाही. असती तरी, बाबांना मधुमेह असताना मी इथून येऊन वेगळी राहणार कुठल्या खोलीत? करवली म्हणून शुभाला उभी करा. मनू, साडी नेसतानाच फोन लाव, अक्षतांपर्यंत थांबू नकोस. मी पहाटेपासून तयार असेन.

कार्यालयवाला आगाऊ रक्कम परत देत नसेल तर बाबांनी भांडून बीपी वाढवून घेऊ नये. मी ४०,००० रुपये पाठवलेत, मंगळवार-बुधवारपर्यंत जमा होतील. एप्रिलमध्ये पाठवता आले नाहीत, ते मनाला लागून राहिलंय. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी, दवाखाना उघडला की लगेच. माझ्यासाठी काही मागे ठेवू नका, खरंच लागत नाही.

काकूंना ह्यूस्टनच्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगला असेल, पण पहिल्याच फोनवर म्हणाला, लग्नानंतर छंद म्हणून लिही. हे काकूंना सांगायची गरज नाही, पत्रिका जुळत नाही म्हणा.

बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

तुमची,
सुमा