अंगठ्यांची दखल घेणारी समिती

मा. संपादक, स. न. वि. वि.

संसदेच्या स्थायी समित्या म्हणजे बैठका आणि भत्ते, असा समज आमच्या बडोद्यातही पुष्कळांचा आहे. तो बाळगणाऱ्यांनी आरोग्यविषयक स्थायी समितीचा ऑगस्ट २०१३ मधील ७२ वा अहवाल एकदा चाळावा. तेव्हाच्या आंध्रातील (आताच्या तेलंगणातील) खम्मम आणि आपला बडोदे जिल्हा येथे २००९ साली शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला आळा घालणारी एचपीव्ही लस टोचण्याचा जो प्रकल्प सुरू झाला व पुढच्याच वर्षी थांबवावा लागला, त्यातील संमतिपत्रांचा प्रश्न या अहवालाने धसास लावला. गुजरातमधील ६,२१७ पत्रांपैकी ३,९४४ पत्रांवर सही नव्हे, अंगठा होता. लस चांगली की वाईट, हा येथे मुद्दाच नाही. अंगठा उठवणाऱ्याला आपण कशाला होकार देतो आहोत हे कळले होते का, एवढाच आहे.

समितीला अधिकाऱ्यांना बोलावता येते, कागदपत्रे मागवता येतात, आणि बैठका बंद दाराआड होत असल्याने कॅमेऱ्यासाठी बोलण्याचे कारणही उरत नाही. राष्ट्रहिताचे कारण सांगून सरकार एखादा कागद नाकारू शकते, आणि शिफारशीही बंधनकारक नसतात; मात्र त्यांवर काय कार्यवाही केली, हे साधारणतः तीन महिन्यांत कळवावे लागते. याच लस प्रकरणात, ९ मे २०१८ रोजी, समितीच्या अहवालाला न्यायालयात आव्हान देता येत नसले तरी त्याची दखल न्यायालयाला घेता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिला.

खरी मेख वेगळीच आहे. एखादे विधेयक समितीकडे धाडायचे की नाही, हे नियमाने ठरलेले नसून सभापतींच्या विवेकावर, म्हणजे व्यवहारात बहुधा सरकारच्या मर्जीवर अवलंबून असते. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या मोजणीनुसार पंधराव्या लोकसभेत (२००९-१४) सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत (२०१९-२४) अवघी १६ टक्के. २०२० ची कृषी विधेयके गेली नाहीत, आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर ते कायदे मागे घ्यावे लागले. समितीपुढे शेतकरी संघटनांची साक्ष आधीच झाली असती तर सरकारचीच शोभा राहिली असती, असे मला वाटते.

म्हणून प्रत्येक विधेयक आपोआप समितीकडे जावे आणि वगळायचेच असेल तर त्याचे कारण सदनात लेखी नोंदवावे, असा नियम व्हायला हवा. तोपर्यंत आपल्या वृत्तपत्राने अधिवेशनकाळात, समितीला वगळून संमत झालेल्या विधेयकांची एक छोटी चौकट रोज द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे