दिल्या, आई 'इलोप' झाली म्हणे

प्रिय दिल्या,

दिवाळीला तुझा एवढा लांबलचक मेसेज आला, त्यावर मी नुसता अंगठा टाकला आणि एकदम आता हे. शिव्या फोनवर घाल, आधी वाच. तब्येत ठीक, शुगर होती तिथंच आहे, गोळ्या चालू.

तर आमची आई पळाली. मी म्हणत नाही, कागदावर आहे. इथं अमेरिकेत ती राहते त्या वृद्धांच्या संस्थेच्या इन्सिडेंट रिपोर्टमध्ये लिहिलंय, 'रेसिडेंट इलोप्ड थ्रू साइड डोअर'. इलोप्ड! म्हणजे आपल्याला माहीत असलेला अर्थ, लग्नासाठी पळून जाणं. हे वाचलं आणि मला दुसरं काही सुचेचना, डोळ्यासमोर तू आणि सुमा, आळंदीला निघायच्या आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात चेहरे पाडून बसलेले, आणि बाहेर दारात सुमाच्या थोरल्या भावाला आई सांगतीये की इकडं कोण फिरकलं नाही बाबा, आत येऊन बघ हवं तर. तो आला असता आत तर? जिनं तुम्हाला पळवलं ती 82 व्या वर्षी स्वतः पळाली, कुणाबरोबर ते रिपोर्टमध्ये दिलेलं नाही. इथं हा विनोद सांगायला कोणी नाही रे, बायको म्हणाली तुला हसू कसं येतं.

पण हा शब्द इथं चक्क अधिकृत आहे. मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, तो बघणाऱ्या खात्याची नर्सिंग होमसाठी नियमावली आहे, त्यात इलोपमेंटची व्याख्याच आहे, की रहिवासी परवानगीशिवाय किंवा लागणाऱ्या देखरेखीशिवाय सुरक्षित जागा सोडून गेला म्हणजे ते इलोपमेंट. नुसता दाराशी घुटमळला तर 'एक्झिट सीकिंग'. आतल्या आत कॉरिडॉरमध्ये फिरला तर 'वॉन्डरिंग'. आणि काहीच न करता नीट आपल्या पायांनी जेवायला गेला तर 'अँब्युलेट्स इंडिपेंडंटली'. नुसतं 'गेला' असं कुणालाच लिहीत नाहीत, साला.

झालं काय ते सांगतो. संध्याकाळची वेळ. बाजूच्या दाराला असा दांडा असतो, तो दाबून धरला की आधी अलार्म वाजतो आणि 15 सेकंदांनी दार उघडतं, तसं दारावर मोठ्या अक्षरात इंग्लिशमध्ये लिहिलंय. आईला ते वाचता येत नाही. तिनं दांडा धरला, घंटा वाजायला लागली, तिला वाटलं वाजते तर वाजू दे, धरून उभी राहिली, आणि उघडलं की दार! शाल, सपाता, हातात ती कापडी पिशवी. पार्किंग ओलांडून रस्त्याकडेला चालायला लागली. तिथं एक बाई पळायला निघाली होती, तिनं बघितलं आणि गोड बोलून थांबवलं, मग पोलीस, मग मला फोन. मी घाईत पुण्याला ताईला फोन लावला, म्हटलं आई बाहेर पडली, तर ती तिकडून किंचाळली, कुठलं हाड मोडलं? पाच मिनिटं गेली नुसतं कुठंही पडली नाही, बाहेर पडली हे समजावण्यात.

आता बघ गंमत. बाई तीच, रस्ता तोच. संस्थेच्या रिपोर्टमध्ये ती 'इलोप' झाली. नर्सच्या नोंदीत 'वॉन्डर' झाली. पोलिसाच्या कागदावर 'प्रोसीडिंग नॉर्थबाउंड ऑन फूट', उत्तर दिशेनं पायी मार्गस्थ, म्हणजे जणू आई ट्रकच आहे. आणि ती पळणारी बाई मला म्हणाली, ओह, शी वॉज जस्ट स्ट्रोलिंग, नुसती फेरफटका मारत होती. यातलं फक्त शेवटचं मला पटतं आणि ते कुठंच लिहिलेलं नाही.

आमच्या मुक्तानं कॉलेजात लिंग्विस्टिक्सचा, म्हणजे भाषाशास्त्राचा एक कोर्स घेतला होता, तिच्यापुढं हे रडगाणं गायलो तर तिनं मला बसवून शिकवलं. टाल्मी म्हणून एक भाषाशास्त्रज्ञ आहे, त्यानं भाषांची विभागणी केलीये, इंग्लिशमध्ये कसं चालला ते क्रियापदात जातं आणि कुठं गेला ते मागं चिकटवतात, आउट, इन, अक्रॉस. स्पॅनिशमध्ये उलटं, क्रियापद सांगतं बाहेर पडला की आत शिरला, कसा ते सांगायचं तर सांगा. मग बर्कली विद्यापीठातल्या स्लोबिन नावाच्या प्राध्यापकानं वेगवेगळ्या भाषांतल्या लोकांना शब्द नसलेलं, नुसत्या चित्रांचं बेडकाचं पुस्तक दिलं आणि गोष्ट सांगायला लावली, त्यात झाडाच्या ढोलीतून घुबड येतं. स्पॅनिशवाले म्हणाले घुबड निघालं, संपलं. इंग्लिशवाल्यांतले बरेच त्याला उडवतात, टपकन काढतात. मी म्हटलं आपण स्पॅनिशवाल्यांतले मग. निघाली, शिरली, चढली, उतरली, ओलांडून गेली. कसं ते आपल्याला गिळून टाकता येतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत गिळलेलंच बरं असतं. आता आपल्याकडं भटकणं आहे, रेंगाळणं आहे, खुरडणं आहे, नाही असं नाही. पण सांगलीत संध्याकाळी गावभागातून गणपतीच्या देवळाकडं निघालेल्या बाईला कुणी बघून म्हणेल का की भटकतीये? भटकायचो आपण, आयर्विन पुलावर, कॉलेज बुडवून.

तू म्हणशील अमेरिकेत जाऊन हा शब्दांचा कीस पाडायला लागला. अरे पण त्या शब्दावर पुढचं सगळं ठरतं! एकदा इलोपमेंट लागलं की त्यांचं म्हणणं तिला मेमरी केअरमध्ये हलवा, म्हणजे कुलपाचा मजला, दाराला कोड, पायात पट्टा, महिन्याचा आकडा तुला सांगत नाही. मीटिंग लावलीये, आणि मला माझं म्हणणं लेखी द्यायचंय, इंग्लिशमध्ये, आणि मी क्रियापदावर अडकून बसलोय.

तू वकील, तुझ्या खात्यातलं म्हणून शोधाशोध केली, ऐक. फ्लोरिडात जॅक्सनव्हिल शहराचा एक भटकेगिरीविरुद्धचा नियम होता, कायदेशीर हेतू नसताना इकडून तिकडं 'वॉन्डरिंग ऑर स्ट्रोलिंग' करणारी माणसं म्हणजे गुन्हेगार. स्ट्रोलिंगसुद्धा! 1972 मध्ये सुप्रीम कोर्टानं उडवला, जज डग्लसनं लिहिलंय की असं फिरणं हा तर जगण्यातला आनंद आहे, अशा अर्थाचं. मग शिकागोनं 1992 मध्ये टोळ्यांसाठी लॉयटरिंगचा नियम काढला, उघड दिसेल असा हेतू नसताना एका जागी थांबणं म्हणजे लॉयटरिंग, तोही 1999 मध्ये गेला. म्हणजे चालावं तर वॉन्डर, थांबावं तर लॉयटर, आणि दोन्हीकडं पोलिसाचा प्रश्न एकच, हेतू काय. आईलाही तोच विचारलाय, फक्त हवालदाराऐवजी सोशल वर्करनं.

मी तिला विचारलं, कुठं निघाली होतीस? म्हणाली, कुठं काय, आले असते की जाऊन. आणि दिल्या, खोलीत चहा बशीनं झाकून ठेवलेला होता. पळून जाणारी बाई चहा झाकून जाते का? तुमच्या कायद्यात ते परत येण्याच्या इराद्याचं लॅटिन आहे ना, अॅनिमस रिव्हर्टेंडी, तू परीक्षेच्या वेळी ओरडून पाठ करायचास, मधमाशा आणि कबुतरांना लावतात ते. ते माझ्या आईला लागू कर. इंग्लिशमध्ये 'जाऊन येते' कसं लिहू सांग, तिथं गेलं की गेलं, परत यायचं ते वेगळं वाक्य आणि ते वाक्य फॉर्ममध्ये बसत नाही.

बरं, मी काय आंधळा नाही. त्या रस्त्यावर गाड्या 45 मैलांनी सुसाट जातात आणि थंडी होती. अल्झायमर्स असोसिएशन सांगते की डिमेन्शियाच्या 10 जणांपैकी 6 जण कधी ना कधी असे निघतात. दार उघडं ठेवा असं मी म्हणतच नाही. इंग्लंडातली अल्झायमर्स सोसायटी 'वॉन्डरिंग' म्हणत नाही, 'वॉकिंग अबाउट' म्हणते, तेवढं चालेल मला. दार बंद ठेवा पण संध्याकाळी कोणीतरी तिच्याबरोबर एक चक्कर मारा, हे मागायचंय. आता तू ते मिरज स्टेशनचं उकरून काढू नको, तू आला नव्हतास निरोप द्यायला आणि का आला नव्हतास ते मला माहितीये, तेव्हा जे बोललास तेही लक्षात आहे, त्यावर आपण समोरासमोर भांडू, पत्रात नाही.

तुझं काय? ऑफिस पोरीच्या हातात दिलंस म्हणे, छान केलंस, ती तुझ्यापेक्षा बरी वकील होणार हे मी तिच्या बारशालाच बोललो होतो. सुमाचा गुडघा कसा आहे, ऑपरेशन ठरलं का? ते बंगल्याच्या हद्दीचं प्रकरण अजून चालूच असेल, सांगली कोर्ट आहे शेवटी.

माझा मजकूर असा झालाय आत्तापर्यंत: 'शी वेंट आउट फॉर हर इव्हिनिंग वॉक अँड मेंट टू कम बॅक.' म्हणजे संध्याकाळच्या फेरीला निघाली आणि परत येणार होती. बायको म्हणते फार साधं आहे, वजन नाही. मुक्ता म्हणते बदलू नको. तू वकिली वजन घाल त्यात, चहाचं आणि पिशवीचं पुरावा म्हणून कसं मांडायचं ते सांग, पण 'प्रोसीड' घातलंस तर बघ. मीटिंग पुढच्या गुरुवारी आहे. तुझ्या सकाळी सातच्या आत फोन कर, नंतर मी झोपतो.

तुझा,
पम्या