चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांचे आभार

गर्भपातावरच्या तासाला निनावी चिठ्ठ्या टाकणाऱ्या मुलामुलींचे आणि फळ्यावर कॅलेंडर काढणाऱ्या नर्सबाईंचे मनापासून आभार. सुरुवातीलाच हात वर करून मत विचारलं की वर्ग दुभंगतो, मग कुणी मागे हटत नाही. म्हणून मतं चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची: एकसारखे कागद, एकाच रंगाची पेनं, आणि वाचणारा तिसराच, कारण शिक्षक अक्षर ओळखतात.

आणि ते कॅलेंडर! गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भधारणा साधारण 2 आठवड्यांनी होते. म्हणजे पाळी चुकते तेव्हाच हिशोबात 4 आठवडे गेलेले. पाळी अनियमित असेल तर 6 किंवा 8सुद्धा.

‘इतके दिवस काय करत होती?’ ही चिठ्ठी तासानंतर कुणीतरी डब्यातून गुपचूप काढून घेतली. त्यांचेही आभार.