गुणांवरून शाखा ठरवू नका

महोदय,

दहावीचा निकाल लागला, की जास्त गुणवाल्यांनी विज्ञान, मधल्यांनी वाणिज्य आणि उरलेल्यांनी कला, ही वाटणी घरोघरी ठरलेलीच असते. वस्तुतः राज्य मंडळाच्या गणितात बीजगणित व भूमितीला प्रत्येकी ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण असतात; तेव्हा भूमितीतल्या सिद्धता पाठ करून मिळवलेल्या गुणांवरून अकरावीचे कलन (कॅल्क्युलस) झेपेल की नाही, हे कसे कळणार? सरावाच्या उत्तरपत्रिका मात्र बरेच सांगतात: कोणता प्रश्न मुलाने आवडीने सोडवला, कोणता नुसताच टाळला. त्या (शिकवणीवाल्यांचे सोडा) निदान पालकांनी तरी मुलासोबत बसून पाहाव्यात. अकरावीत गणित सोडल्यावर अभियांत्रिकीची वाट अवघड होते, हे अनेकांना प्रवेश अर्ज भरून झाल्यावरच समजते.

– एक शिक्षिका