लेआला कोणी विचारले?

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. ज्यू साहित्यात माणसाचे ‘मी’पण हरवण्याची गोष्ट काफ्काच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या कथेतल्या ग्रेगोर साम्सापाशी येऊन संपते, हे तुझे मत मात्र मला मान्य नाही. ग्रेगोरचे शरीर किड्याचे होते, पण चुकलेल्या गाडीची आणि साहेबाच्या रागाची काळजी करणारे त्याचे मन शाबूत असते. काफ्काने ही कथा १९१२ च्या अखेरीस लिहिली. त्याआधीच्या हिवाळ्यात प्रागमध्ये आलेल्या यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) नाटकमंडळींतील लॉवी नावाच्या नटाशी त्याची दोस्ती जमली होती आणि ती वडिलांना इतकी खुपली, की त्यांनी त्या नटाला किड्याच्या पंक्तीला बसवले. वडिलांना लिहिलेल्या, पण त्यांच्या हाती कधीच न पडलेल्या पत्रात काफ्काने हे नोंदवून ठेवले आहे.

मला अधिक छळते ती आन्-स्कीच्या ‘डिबुक’ नाटकातली लेआ. आजच्या युक्रेनमधल्या व्होलिनिया आणि पोदोलिया या भागांतल्या गावांतून लोककथा व समजुती गोळा करत हिंडलेल्या या लेखकाने, मृताचा आत्मा जिवंताच्या अंगात शिरतो या जुन्या श्रद्धेवर हे नाटक उभे केले. वॉर्सात ९ डिसेंबर १९२० रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा तो स्वतः हयात नव्हता.

लेआ आणि खोनन यांच्या बापांनी, ही मुले जन्मण्याआधीच, त्यांच्या लग्नाचे वचन एकमेकांना दिलेले असते. पुढे खोननचा बाप मरतो, लेआचा बाप सेंदर गबर होतो आणि तोलामोलाचा जावई शोधतो. ते कळताच, कब्बाला या ज्यू गूढविद्येने तिला मिळवू पाहणारा खोनन जागीच कोसळून मरतो. लग्नाच्या दिवशी नवरदेव लेआच्या चेहऱ्यावर ओढणी घालायला येतो, तेव्हा ती ओढणी फेकून देते, तू माझा वर नव्हेस असे सांगते आणि मग तिच्या तोंडून पुरुषाचा, खोननचा, आवाज येतो. अंगात येणे पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल नाही. पण नकाराचे वाक्य तिचे आहे आणि पुढचे बोलणे त्याचे आहे, तरी दोघांच्या म्हणण्यात मला काडीचेही अंतर दिसत नाही. मग झपाटले ते कोणाला?

मिरोपोलचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) अझ्रिएल मोडलेल्या वचनाबद्दलची खोननच्या मृत बापाची फिर्याद रीतसर चालवतात. सेंदरने अर्धी संपत्ती गोरगरिबांना द्यावी आणि त्या बापलेकांसाठी कद्दिश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणावी, असा निवाडा होतो. मेलेल्या माणसाचीही बाजू ऐकली जाते. लेआला मात्र कोणी काही विचारत नाही. आत्मा काढला जातो, तिच्याभोवती रक्षणाचे वर्तुळ आखले जाते, वरात जवळ येऊ लागते आणि ती आपल्या पायांनी वर्तुळाबाहेर पडून खोननकडे जाते.

आता ग्रेगोरचा शेवट आठव. हे नाहीसे झालेच पाहिजे, असे बहीण म्हणते आणि तिच्याहूनही ठामपणे त्याला स्वतःला ते पटते. घरच्यांचा निवाडा त्याच्या आत शिरतो, तिथे तो खरा हरवतो. लेआच्या बाबतीत मला तसे काही घडलेले दिसत नाही.

या नाटकावर १९३७ साली पोलंडमध्ये यिद्दिश चित्रपट निघाला होता. तो मिळाला तर आधी पाहा आणि मगच उत्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश