उसाखाली झाकलेली रेडियमची पट्टी काय कामाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाळप हंगामात मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरसच्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. दर हंगामाच्या तोंडावर त्यांना रेडियमच्या पट्ट्या लावल्या जातात, हे चांगलेच आहे. पण पट्टी लागते रिकाम्या ट्रॉलीच्या फाळक्यावर. फडात ऊस भरला की तो फाळक्याबाहेर येतो, वाढे (शेंड्याकडचा पाला) लोंबतात आणि पट्टी नेमकी त्याखाली जाते.

या पट्टीचे काम नीट समजून घ्यायला हवे. आरसा उजेड भलतीकडे फेकतो, पांढरा रंग तो चहूकडे पसरवतो. या पट्टीत मात्र काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक असतात. उजेड तिरका पडला तरी ते तो आल्या दिशेनेच परत पाठवतात. चालकाचे डोळे हेडलाइटपासून जवळच असल्याने त्याला पट्टी लांबूनच लखलखीत दिसते. बाजूला उभ्या माणसाला ती फिकट वाटते, त्यामुळे दिवसा नुसते बघून तिची पारख होत नाही. काही जण जुन्या सीडी किंवा चमकीचा कागद लावतात. त्यांचा भरवसा धरू नये. ती चमक बहुतेक वेळा भलतीकडेच जाते. चांगल्या पट्टीवरही धूळ-चिखल बसला की तिची चमक निम्मीशिम्मी होऊन जाते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. डिपरच्या उजेडात काळपट उसाचा ढीग दिसेपर्यंत ब्रेकला जागा उरत नाही. बैलगाडीला तर दिवाच नसतो. तिथे वीज न लागणारी ही पट्टीच काय तो आधार. कार्तिकीला पहाटे चालणाऱ्या वारकऱ्यांच्या पाठीवरही ती हवी.

मालवाहू वाहनांना पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल पट्टी लावण्याचा नियम आहेच. माझी मागणी त्यापुढची आहे. लाल पट्टी लावलेली एक फळी प्रत्येक ट्रॉलीला द्यावी आणि ऊस भरल्यावर ती मोळ्यांच्या मागे दोरीने बांधावी. काट्यावर रात्री वजन होते तेव्हा डोळ्याजवळ बॅटरी धरून तीस पावलांवरून पट्टी तपासावी, मळलेली असेल तर तिथेच पुसावी. हा खर्च कारखान्यांनी करावा, वाहतूकदाराच्या बिलातून कापू नये. पोलीस आणि आरटीओनेही तपासणी भरलेल्या ट्रॉलीची, अंधार पडल्यावर करावी.

आपला,
एक वाचक, मोहोळ (जि. सोलापूर)