संस्था निवडताना गृहभेटी तपासा

अनाथ व निराधार मुलांच्या सरकारी योजनांसाठी संस्था निवडताना नोंदणी, लेखापरीक्षण आणि इमारतीचे फोटो यांवरच भर दिसतो. बालगृहांना बाल न्याय अधिनियम 2015 नुसार नोंदणी सक्तीची आहेच. पण मुलांना सांभाळतंय कोण, हे त्यावरून कळत नाही. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत तर मूल आई, आजी किंवा मामाकडेच राहते, त्याच्यासाठी महिना 2,250 रुपये अनुदान मिळते आणि संस्थेने घरी जाऊन देखरेख ठेवायची असते. तिथे इमारत काय कामाची? संस्थेचा कार्यकर्ता त्याच तालुक्यातला आहे का, त्याच्याकडे किती मुले आहेत, मूल शाळेत जायचे थांबले तर घरी कोण जाते, हे प्रस्तावातच विचारावे. आणि निवडीआधी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांनी संस्थेकडच्या मुलांपैकी चार जणांच्या घरी न कळवता जाऊन यावे.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली